कुंपणाच्या आतला आकडा

२ एप्रिल

धाकटीस,

तुझा फोटो पाहिला. केंद्राच्या फलकावर कप्तानाने चार टाचण्या मारून लावला आहे. फाटकावरच्या वनरक्षकाला कप्तान हे नाव तूच दिलंस, तेव्हापासून त्याची तुझ्यावर भक्ती आहे. फोटोत तू कुंपणाला टेकून उभी आहेस आणि हातात पांढरं कापड धरलं आहेस. उलटं धरलं आहेस. काठीची बाजू वर हवी आणि दोरी पुढे. असो. फोटो काढणाऱ्याला काय कळतंय, आणि बघणाऱ्यालाही.

बक्षिसाबद्दल अभिनंदन. हे फोनवर म्हटलं असतं तर तू मधेच हसली असतीस आणि माझं पुढचं राहून गेलं असतं, म्हणून पत्र. आई गेल्यापासून आपण एकमेकींशी 'कळवावे' आणि 'कळवले' एवढंच बोलतो. पत्रात निदान तिसरा शब्द लिहिता येतो.

तुझं भाषणही कुणीतरी वाचून दाखवलं. मीटरभर फ्लॅनेल गवतावरून ओढत न्यायचं, वीस पावलांवर थांबून उलटायचं, चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत टाकायच्या. या कामाला तू 'जंगलाची नाडी बघणं' म्हणालीस म्हणे. मी बावीस वर्षं ती नाडी बघते आहे. मला त्यात पाठदुखीच सापडली.

अहवालातलं वाक्य मात्र छान आहे. 'कुंपणाने हरणं अडली आणि हरणांबरोबर गोचिडी गेल्या.' गेल्या वर्षी कुंपणाच्या जागेत शंभर मीटरला एकतीस, यंदा दोन. बाहेरच्या पट्टीत होत्या तशाच. एवढं सोपं आणि एवढं गोंडस की वनसमितीच्या माणसांनाही कळलं. त्यांनी लगेच ठरवून टाकलं, पंधरा मेपासून कुंपणाच्या आतलं जंगल मोळीवाल्यांना उघडायचं. दोन वर्षांपूर्वी गोचिडीच्या तापाने पाच माणसं गेली तेव्हापासून तिथे कुणाला पाऊल टाकू दिलेलं नाही. पडलेलं लाकूड गुडघाभर साचलं आहे. चाळीस बायका दिवस मोजत बसल्या आहेत.

अहवालाच्या शेवटच्या पानावर आभार मानलेस. 'कापडांची निगा राखणाऱ्या भगिनीचे.' ड्रायव्हरच्या खाली आणि छपाईवाल्याच्या वर. भगिनी हा शब्द वाचून माझ्या शेजारच्या टेबलावरचा लेखनिक म्हणाला, "बाई, ही सभेतली भगिनी की घरातली?" मी म्हटलं, "तिलाच विचार."

तुला आठवतं का कोण जाणे, सरांनी आपल्या दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं. मी वर्गात पहिली होते, पण आईच्या आजारपणात माझं वर्ष बुडालं होतं. तुझं बुडालं नव्हतं, कारण माझं बुडालं होतं. सर तुला म्हणाले, "संशोधनाला लाग." मला म्हणाले, "तुझा हात फार चांगला आहे." त्या दिवसापासून डोकं तू आणि हात मी. हाताचा फोटो कोण काढतो?

बक्षीससमारंभाला येणार नाही. माझ्या कुप्या पडल्या आहेत.

ताई


११ एप्रिल

धाकटीस,

तुझा निरोप मिळाला. तुमच्या संस्थेच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायला 'त्या' सर्वेक्षणातलं एक कापड हवं आहे. पाठवते. नीट इस्त्री करून पाठवते. शेजारी कुणाकुणाचे चष्मे आणि लेखण्या आहेत म्हणतेस, तर आपल्या फडक्याचंही नशीब उघडलं म्हणायचं.

तू सहज म्हणून विचारलंस, मशीन कसं चालतंय. उत्तम चालतं.

जानेवारीत तू ते धुण्याचं मशीन टेम्पोतून उतरवलंस तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. सगळे अंगणात जमले होते. तू माझे दोन्ही हात धरून वर केलेस आणि सगळ्यांना दाखवलेस. "बघा ताईच्या हातांची काय दशा झालीय! आता हाताने धुणं बंद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तानाने तर डोळे पुसले. माझ्या हातांचं एवढं कौतुक याआधी फक्त सरांनी केलं होतं.

त्याआधी माझ्याकडे दोन टब होते. निळा आणि तांबडा. जंगलात जाताना पायांना बांधायच्या पट्ट्या गोचीड मारायच्या औषधात बुडवाव्या लागतात, त्या धुवायला तांबडा. ओढायची पांढरी कापडं निळ्यात. दोन्हींचं पाणी वेगळं, दोऱ्या वेगळ्या, वाळत घालायच्या भिंतीही वेगळ्या. बावीस वर्षांत त्या दोन टबांची मी एकदाही गाठ पडू दिली नाही. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला मी हेच सांगायचे, आणि लोक माझ्या मागे म्हणायचे, म्हातारी सोवळ्यातली आहे.

मशीनला टब एकच असतो.

पेटीत कापडाखाली काय लिहिणार आहेस ते कळव.

ताई


१९ एप्रिल

धाकटीस,

आज मुकादमीण आली होती. तू तिला पाहिलं आहेस. मोळीवाल्या बायकांची म्होरकी, तुझ्या कुंपणाच्या उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसली होती आणि तुझं भाषण संपायच्या आत उठून गेली होती. तिची धाकटी जाऊ त्या पाच जणांत होती. आठव्या दिवशी गेली. जावेची मुलगी आता हिच्याकडे आहे, चौदाची झाली. यंदा तीही मोळी बांधायला येणार.

ती प्रयोगशाळेत येत नाही. पायरीवर बसते आणि तिथूनच बोलते.

"बाई, तुमच्या बहिणीनं लिहिलंय ते खरं का?"

"छापून आलंय ना," मी म्हटलं.

"छापलेलं मला कुठं वाचता येतंय? म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"अहवालात शंभर मीटरला दोन असा आकडा आहे."

"अहवाल काही चावत नाही हो. चावणारी आहे का गेली, तेवढं सांगा."

"हे बघ, मी कापडं धुते. आकडे ती काढते."

त्यावर ती अशी हसली की मला खुर्चीत नीट बसावं लागलं. "अगंबाई! आणि कुप्या कोण मोजतं मग? तुमचा कप्तान?"

मी म्हटलं, मला काम आहे. ती म्हणाली, "असू दे काम. पोरीला पट्ट्या शिवायला घेतल्यात, त्यांचं माप विचारायला आले होते. गुडघ्यापर्यंत की वर?"

मी म्हटलं, "वर."

"दोनच गोचिडी आहेत तर वर कशाला?"

मी कुप्या पुसायला घेतल्या. ती पदर झटकून गेली.

दुपारी मी कपाटातून नवीन फ्लॅनेलचा तागा काढला. दोन कापडं फाडली, शिवली, काठ्या घातल्या. निळा टब माळ्यावर होता, तो खाली घेतला. चुना लावून घासला, तीनदा उकळत्या पाण्याने विसळला. कप्तान म्हणाला, "ताई, मशीन बिघडलं का?" मी म्हटलं, "मशीन ठीक आहे. तू फाटकाची किल्ली दे."

उद्या सकाळी दव वाळल्यावर आत जाणार आहे. एकटी.

ताई


२६ एप्रिल

धाकटीस,

हे पत्र बसून वाच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे तुझं सर्वेक्षण सुरू होऊन तिसरा आठवडा होता तेव्हा, तुझ्या माणसांनी कुंपणाच्या आतून आणलेल्या कुप्या जवळजवळ रिकाम्या होत्या. मला आधी वाटलं, आळस. आजकालची मुलं कापड ओढत नाहीत, फिरवून आणतात. मग मी कप्तानाच्या कुत्र्याच्या कानामागची एक जिवंत गोचीड काढली आणि धुऊन वाळलेल्या एका कापडावर ठेवली. गोचीड फ्लॅनेलला कशी धरते ते तुला ठाऊक आहे. चिमट्याने ओढलं तरी पाय सोडत नाही. ही दोन पावलं चालली, पाय आखडले आणि गळून पडली. दुसरी ठेवली. तीही.

सकाळी त्याच मशीनमध्ये पायपट्ट्या धुतल्या होत्या. औषध ड्रममध्ये राहिलं, ड्रममधून कापडात आलं. तुझी माणसं आठ आठवडे औषधाचं फडकं जंगलभर फिरवत होती.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी कापडाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि चहा केला.

तू म्हणशील, विसरलीस का सांगायला? विसरले नाही. फोन हातात घेतला होता. मग तुझे ते शब्द आठवले, "आता हाताने धुणं बंद." तू विचारलं असतंस की ताई, मशीन चालेल ना, तर मी सांगितलं असतं, चालणार नाही. तू विचारलं नाहीस. धुण्यात विचारण्यासारखं काही असतं असं तुला वाटलंच नाही.

मला काय हवं होतं तेही लिहिते. मार्चमध्ये तू समितीपुढे उभी राहशील, कुणीतरी डोकं असलेला माणूस उठेल आणि विचारेल, "कापडं तपासली होती का?" आणि तू गोंधळून इकडेतिकडे बघशील. बस. एवढाच माझा बेत होता. पण उठलं कुणीच नाही. तुझ्या फसलेल्या आकड्याला हार घातले गेले. तुला खड्डा खणायला गेले आणि त्या मातीचा तुझ्यासाठी चौथरा झाला. ज्या दिवशी वर्तमानपत्रात आलं त्या दिवशी माझ्या अंगाची लाही झाली. खोट्या आकड्यावरसुद्धा तूच मोठी होतेस! मग खरं करायचं तरी कुणी आणि कशाला?

तुझ्याही पदरात थोडं घालते. आतली पट्टी तू तुझ्या माणसांना दिलीस आणि बाहेरची वनखात्याच्या. त्यांची कापडं त्यांच्याकडेच धुतली जातात. एकच कापड आत आणि बाहेर ओढलं असतंस तर बाहेरही दोनच निघाल्या असत्या आणि तुझं तुलाच कळलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलीने केली नसती अशी चूक तू केलीस, कारण तुला घाई होती. तुला नेहमीच घाई असते. मागे कुणीतरी आवरायला असतं.

आता आकडे. चार सकाळी, तीच शंभर मीटरची पट्टी, निळ्या टबात धुतलेली कापडं. कुंपणाच्या आत अडतीस, एकेचाळीस, चौतीस, त्रेचाळीस. त्याच कापडांनी बाहेर सव्वीस, तीस, सत्तावीस, तीस. पुन्हा वाच. आत जास्त आहेत. गेल्या वर्षीपेक्षा जास्त आणि बाहेरच्यापेक्षाही जास्त.

का ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण मी खाली बघून चालते. जाळीने हरणं अडवली, खरं. पण कोल्हेही अडवले. उंदरांना मात्र ती जाळी म्हणजे उघडं दार. आत त्यांना खाणारं कुणी नाही आणि साचलेल्या लाकडाखाली घरं आयती. वीस सापळे लावले, सतरा उंदीर मिळाले. एकेकाच्या कानाच्या कडेला गोचिडींची पिल्लं अशी ओळीने बसलेली की दागिना घडवला असावा. मोठ्या गोचिडीला हरीण लागतं. पिल्लाला उंदीर पुरतो. आणि माणसाला ताप देतात त्या याच पिल्लांतल्या मधल्या वयाच्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या, ज्या अंगावर चढल्या तरी कळत नाहीत.

म्हणजे तुझ्या छोट्याशा कुंपणाने ताप घालवला नाही. पाळला. आणि हे मी शोधलं. हाताने नाही, डोक्याने.

मी कोरा कागद घेतला, वर शीर्षक लिहिलं आणि खाली माझं नाव. एकटीचं. तो कागद फाडून टाकला असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. फाडलेला नाही. टेबलाच्या खणात आहे.

पंधरा तारखेला एकोणीस दिवस उरले आहेत.

ताई


३ मे

धाकटीस,

सहा दिवसांनी तुझं उत्तर आलं आणि ते फोनवरच्या एका ओळीत मावलं. 'ताई, कुणाशी काही बोलू नकोस. मी येते.'

कुणाशी बोलू नकोस! कुणाला सांगतेस? बारा आठवडे कुणाशी न बोलण्याचा अनुभव तुझ्यापेक्षा मला जास्त आहे.

तुझी ती ओळ वाचून मला काय वाटलं ते सांगते. तू येणार, दार लावून माझ्याशी गोड बोलणार, 'आकड्यांचा फेरविचार' असा काहीतरी मुलायम शब्द शोधणार आणि समितीला सांगणार की जरा थांबा, आणखी एक वर्ष बघू. तुझा फोटो फलकावर राहणार आणि माझं तोंड बंद राहणार. तसं नसेल तर माझी चूक. पण सहा दिवस ती ओळ लिहायला लागत नाहीत.

म्हणून मी त्याच दिवशी समितीला पत्र दिलं. स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. त्यात कापडं, मशीन, औषध, माझे आकडे आणि उंदीर, सगळं आहे. मला केव्हा कळलं आणि मी किती दिवस गप्प बसले हेही आहे, तारखांसकट. तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द नाही. मनात होते. लिहिले नाहीत.

पत्र ज्याने घेतलं तो कारकून वाचून म्हणाला, "बाई, हे धुण्याबद्दल आहे का? मग ते इमारत-देखभालीकडे द्या."

मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्या परिच्छेदाला त्याने खुर्ची पुढे ओढली. आता अकरा तारखेला बैठक आहे. दोघींनाही बोलावलं आहे.

कप्तानाला मी सांगून ठेवलं आहे की बैठक होईपर्यंत कुणीही आलं तरी फाटक उघडायचं नाही. तो म्हणाला, "धाकट्या ताई आल्या तरी?" मी म्हटलं, "ती आली तर आधी तिच्या पट्ट्या बघ. गुडघ्याच्या वर आहेत का."

तू कुठे उतरणार ते कळवलेलं नाहीस. माझ्याकडे एक पलंग रिकामा आहे. चादर हाताने धुतलेली आहे.

ताई


१४ मे

धाकटीस,

तू त्या दिवशी बैठकीतून तशीच गेलीस. माझ्याकडे आली नाहीस, आणि आली असतीस तरी मी काय बोलले असते सांगता येत नाही. आता लिहिते.

बैठकीत तू उभी राहिलीस तेव्हा तुझ्या हातात कागदही नव्हता. मी समोरच्या रांगेत होते. मी वाट बघत होते की आता ती सावरासावर करणार. मी तर तुझी तीन वाक्यं मनात तयारही ठेवली होती आणि त्यांना माझी तीन उत्तरं. तू म्हणालीस, "कापडं तपासणं माझं काम होतं. मी तपासली नाहीत. आकडा चुकीचा आहे. कुंपण उघडू नका."

एवढंच. आणि बसलीस.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "भर सभेत स्वतःची चूक कबूल करायला मोठं मन लागतं. अशी माणसं आहेत म्हणून विज्ञान चाललंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकीला! मी माझ्या खुर्चीत बसून विचार करत होते की ही बाई उद्या जिन्यावरून घसरली तरी लोक म्हणतील, काय डौलदार पडली.

मग त्यांना माझं पत्र आठवलं. "आणि हो, या ताईंचंही एक पत्र आहे, धुण्यासंबंधी. मनाला लावून घेऊ नका हो. मशीन म्हटलं की असं व्हायचंच. तुमच्याकडे कोण बोट दाखवतंय?"

मी उठले. मी म्हटलं, "मला फेब्रुवारीतच कळलं होतं."

आणि तू तिकडून, हसून, त्या तुझ्या आवाजात म्हणालीस, "ताई दमलीय. चार दिवस एकटी पट्टी चाललीय ती, तेही या वयात. आणि उंदरांचा शोध पूर्णपणे तिचा आहे. माझा नाही." पुन्हा टाळ्या. या वेळी माझ्यासाठी. मी आणखी काय म्हणाले ते त्या टाळ्यांत बुडालं. मी म्हणाले होते, "मी बारा आठवडे गप्प होते."

फाटक बंद राहिलं, आणि जाळीला कोल्ह्यांसाठी वाटा करून पुन्हा वर्षभर मोजायचं ठरलं. मोळीवाल्यांना पलीकडच्या उघड्या टेकडीवर जागा दिली. लांब आहे, चढ आहे, पण गवत नाही. ज्यासाठी मी पत्र दिलं ते झालं. मग घरी येऊन मी भांडी का आपटली?

कारण तू मला वाचवलंस. मला न विचारता. मशीन आणलंस तसंच. तू काय केलंस ते तुला कळलं आहे आणि मलाही. माझा गुन्हा तू उचललास, त्याची चूक केलीस आणि ती आपल्या नावावर लावून घेतलीस. मी शहाणी, कष्टाळू, दमलेली बहीण. गुन्हेगार व्हायलासुद्धा काही पद लागतं, ते माझ्याकडे नाही हे मला भर सभेत कळलं.

आणि बदल्यात शोध दिलास. तो माझाच होता. माझ्याच वस्तूचं मला दान.

काल सकाळी मी मुकादमिणीच्या घरी गेले. ती लाकडं फोडत होती, मुलगी आत होती. मी उभ्यानेच सांगितलं. फेब्रुवारीत काय बघितलं, केव्हा कळलं, किती दिवस बोलले नाही. तिने कुऱ्हाड खाली ठेवली आणि बोटांवर मोजायला लागली.

"म्हणजे मी पायरीवर बसले होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"पट्ट्यांचं माप विचारलं तेव्हा?"

"हो. म्हणून वर म्हटलं."

"वर म्हटलं!" ती म्हणाली. "केवढे उपकार! आणि का हो बाई? आम्ही काय केलं होतं तुमचं?"

"तुम्ही काही नाही. बहिणीचं चांगलं झालेलं मला बघवत नाही."

हे वाक्य मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तुला पाच पत्रं लिहिली, त्यांतही ते असं सरळ लिहिलेलं नाही. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"माझी जाऊ माझ्यावर जळायची," ती म्हणाली. "मीही तिच्यावर जळायचे. तिचे केस बघून. कमरेपर्यंत होते. पण तापात तिच्या उशाशी मी बसले होते. जळायचं म्हणजे माणसाला काय जाळात ढकलायचं असतं?"

ती उठली, लाकडाचा पुढचा ओंडका घेतला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमच्या बहिणीला मी परवाच माफ केलं. चुकली बिचारी, होतं असं. तुम्हाला नाही करणार. या आता."

मी आले.

रस्ताभर मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. उलट पाय हलके झाले होते. माफी तुझ्या वाट्याला आली आणि माझ्या वाट्याला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुला मिळालेली एखादी गोष्ट मला नको होती.

आता काम. सुधारित अहवाल तू लिहिते आहेस असं कळलं. सोबत एका कागदावर चार ओळी लिहिल्या आहेत. 'कापडं मी धुतली. ती औषधाने खराब झाल्याचं मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. प्रमुख संशोधिकेला मी ते सांगितलं नाही. न सांगण्याचं कारण मत्सर हे होतं.' खाली माझं पूर्ण नाव आणि सही आहे. हा मजकूर एक शब्दही न बदलता छापायचा. 'अनवधानाने' हा शब्द घातलास तर मी समितीकडे पुन्हा जाईन, आणि या वेळी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहीन.

उंदरांच्या शोधावर हवं तर दोघींची नावं घाल. तुझं आधी घातलंस तरी चालेल, लोकांना सवय आहे. पण गप्प बसण्याचा गुन्हा माझ्या एकटीचा आहे. त्याच्यात तुला भागी मिळणार नाही.

ताई